मैदानावर गिळलेला अपमान अंगात मुरतो



वर्षावासाच्या दिवसांत आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर आम्ही रक्तदाब तपासणीचं शिबिर लावलं होतं. रांगेत एक रिक्षाचालक भाऊ होते, सोबत त्यांची पत्नी. वय ३८. तंबाखू नाही, दारू नाही, अंगानं सडपातळ. तरी रक्तदाब भरला १६० वर १००. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजला, तेवढाच. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "व्यायाम वगैरे काही करता का?"

ते हसले. "ताई, एकेकाळी कबड्डीत नाव होतं माझं. तालुक्याच्या सामन्याला निवड झाली होती."

"मग सोडली का?"

बराच वेळ ते पट्टा बांधलेल्या दंडाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "साखळीत माझा हात धरायला कोण तयार नव्हतं."

कबड्डी खेळलेल्यांना यातलं दुःख लगेच कळेल. पकड करायची तर बचावाचे गडी एकमेकांचे हात धरून साखळी करतात. हा मुलगा १४ वर्षांचा. शेजारचा गडी त्याचा हात धरेना, बनियनचं टोक चिमटीत धरी. सामन्याला सोबत आलेल्या गुरुजींनी ते पाहिलं आणि हसून मान फिरवली. पोरगा रडत घरी आला. वडील म्हणाले, "गप बस. आपलं काम बरं नि आपण बरे. खेळून कुणाचं पोट भरलंय?" दुसऱ्या दिवसापासून पोरगा मैदानावर गेला नाही. लग्नाला १४ वर्षं झाली तरी ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नव्हती. ती त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा ऐकत होती.

न धरलेल्या त्या हातामुळेच त्यांना बीपी झाला, असं मी म्हणणार नाही. मी नर्सिंग शिकले आहे, एका कारणावर सगळं ढकलू नये हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवसापासून एक विचार डोक्यातून जात नाही. मैदानावर जे झालं त्याचे गुन्हेगार दुसरे होते. घरात जे "गप बस" म्हटलं गेलं, ते मात्र आपण म्हणतो. मायेनं म्हणतो, पोराच्या काळजीनं म्हणतो. तरीही ते चुकीचं आहे, असं माझं मत झालं आहे. आज त्याबद्दलच लिहिते.

रिचमंडचा एक मुलगा

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त शिकवलं ते अमेरिकेतल्या एका काळ्या खेळाडूच्या आयुष्यानं. तो समाज आपल्याला परका नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये शिकले. १९४६ साली त्यांनी तिथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली तेव्हा नावही ब्लॅक पँथरवरूनच घेतलं.

त्या खेळाडूचं नाव आर्थर अ‍ॅश. जन्म १० जुलै १९४३, व्हर्जिनिया राज्यातलं रिचमंड शहर. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या राज्यांची एके काळची राजधानी ती. अ‍ॅशचे वडील काळ्यांसाठी राखलेल्या एका मैदानाचे राखणदार होते आणि घर त्या मैदानातच होतं. आई तो सहा वर्षांचा असताना गेली. दारातच टेनिसचं कोर्ट असल्यानं पोराच्या हातात रॅकेट आली. पण शहरातल्या मोठ्या बागेतली चांगली कोर्टं गोऱ्यांची. तिथं या मुलाला खेळू दिलं नाही. हिवाळ्यात छपराखालची कोर्टंही काळ्यांना बंद. शाळेच्या शेवटच्या वर्षी खेळासाठी त्याला दुसऱ्या शहरात, सेंट लुईसला जाऊन राहावं लागलं.

त्याला घडवलं डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन या काळ्या डॉक्टरांनी. अ‍ॅश १० वर्षांचा असल्यापासून दर उन्हाळ्यात त्यांच्याकडे शिकायला जाई. जॉन्सन यांनी टेनिसबरोबर आणखी एक गोष्ट शिकवली: राग दाखवायचा नाही. पंचाशी वाद घालायचा नाही. रॅकेट आपटायची नाही. समोरच्याचा चेंडू रेषेच्या किंचित बाहेर पडला तरी आत पडला असं धरून खेळायचं. हेतू असा की काळ्या मुलाला मैदानाबाहेर काढायला गोऱ्यांना निमित्तच मिळू नये.

ही शिकवण फळाला आली, हे कबूल केलं पाहिजे. १९६३ साली अ‍ॅश अमेरिकेच्या डेव्हिस चषक संघात निवडला गेलेला पहिला काळा खेळाडू झाला. १९६८ साली अमेरिकन ओपन आणि १९७५ साली विम्बल्डन जिंकलं. आज न्यूयॉर्कमध्ये जगातलं सगळ्यात मोठं टेनिस स्टेडियम त्याच्या नावानं उभं आहे. आपल्या घरातला कुणीही म्हणेल, बघा, सहन केलं म्हणून मोठा झाला.

आता पुढचं ऐका. १९७९ साली, ३६ वर्षांचा असताना, त्याला हृदयविकाराचा झटका आला. ना सिगारेट, ना चरबी, रोज घाम गाळणारा माणूस. बायपास झाली. १९८३ साली पुन्हा हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि त्या वेळी दिलेल्या रक्तातून एचआयव्ही शरीरात आला. १९८८ साली ते उघडकीला आलं. ६ फेब्रुवारी १९९३ रोजी, पन्नाशी गाठण्याआधीच तो गेला. हृदयविकार त्याच्या घराण्यात होता, वडिलांनाही होता. त्यामुळे अपमानानंच त्याचं हृदय गेलं असा निकाल मी देणार नाही. पण तो स्वतः काय म्हणाला ते महत्त्वाचं आहे. एड्स हे तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात जड ओझं असेल ना, असं त्याला विचारलं गेलं तेव्हा त्याचं उत्तर होतं की नाही, काळा असण्याचं ओझं त्याहून जड आहे.

त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या आत्मकथनात एक लहानसा प्रसंग आहे. १९९२ सालची गोष्ट, एड्सग्रस्तांसाठी निधी जमवण्याचा टेनिसचा कार्यक्रम. त्याची छोटी मुलगी एका गोऱ्या बाहुलीशी खेळत बसली होती. बाहुली मित्राच्या घरून प्रेमानं मिळालेली. पण टीव्हीचे कॅमेरे फिरत होते आणि अ‍ॅशच्या पोटात धस्स झालं. लोक म्हणतील, हा आपल्या मुलीला गोऱ्यांचं कौतुक शिकवतो. त्यानं बायकोला ती बाहुली बाजूला करायला लावली. मग स्वतःचाच राग आला, की आपण लेकीच्या हातातून खेळणं काढून घेतलं ते कशापायी!

विम्बल्डन जिंकलेला, जगभर मान मिळवलेला, मरण समोर दिसणारा माणूस. तरी लोक काय म्हणतील ही धास्ती बागेच्या फाटकावर अडवलेल्या त्या मुलासारखीच ताजी. आपल्याला हे नवीन आहे का? आडनाव विचारल्यावर गावाचं नाव सांगून विषय बदलणारे आपल्यात आहेत. ऑफिसात असताना फोनची भीमगीताची रिंगटोन बंद ठेवणारे आहेत. सोसायटीत भाड्यानं घर बघायला जाताना गळ्यातलं निळं लॉकेट शर्टाच्या आत घालणारे आहेत. यात नोकरीत वर चढलेले, शिकलेले लोकही आहेत. लहानपणी लागलेला चटका मोठेपणी हात आपोआप मागे घ्यायला लावतो.

शरीरात काय होतं?

अपमान झाला की शरीर त्याला धोका समजतं. अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्यं रक्तात येतात. हृदय जोरात धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तात साखर सुटते. साप दिसला तर पळण्यासाठी किंवा काठी उचलण्यासाठी ही तयारी उपयोगी असते. साप गेला की शरीर थंड होतं. पण आज मैदानावर काय बोलतील, उद्या वर्गात काय बोलतील, अशी धास्ती रोजचीच झाली तर ते थंड व्हायला वेळच मिळत नाही. चूल विझवायची राहून गेली आणि भांडं मंद आचेवर तसंच राहिलं तर तळ करपतो, तसं हे आहे.

अमेरिकेतल्या आर्लिन जेरोनिमस या अभ्यासक बाईंनी १९९२ साली हेच मांडलं. उन्हापावसानं दगड झिजतो तसं भेदभावाच्या सततच्या माऱ्यानं शरीर वयाआधी झिजतं, असं त्या म्हणतात. त्यांनी सुरुवात बाळंतपणांपासून केली. गोऱ्या स्त्रियांमध्ये विशीतल्या आईची बाळं अल्पवयीन आईच्या बाळांपेक्षा सुदृढ निघत होती. काळ्या स्त्रियांमध्ये तसं दिसेना. वय वाढलं की शरीर बळकट व्हायच्या ऐवजी झिजलेलं सापडत होतं.

दुसरे एक काळे शास्त्रज्ञ आहेत शर्मन जेम्स. त्यांनी जिद्दीचा अभ्यास केला आणि त्याला नाव दिलं जॉन हेन्रीचं. जॉन हेन्री हा तिथल्या लोककथेतला काळा मजूर. डोंगरात बोगदा खणताना त्यानं यंत्राशी पैज लावली, यंत्राला हरवलं आणि हातोडा हातात असतानाच मेला. जेम्स यांचं म्हणणं असं की ज्यांच्याकडे जिद्द फार पण पैसा, शिक्षण आणि आधार कमी, त्यांचा रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त. पुढच्या सगळ्या अभ्यासांत हे सारखंच दिसलं असं नाही. तरी वस्तीत काम करताना जॉन हेन्री मला रोज भेटतो. "आपल्याला दुप्पट मेहनत करून दाखवायचीय" हे वाक्य आपण पोरांना पाळण्यापासून ऐकवतो. जिद्द वाईट नाही, जिद्दीशिवाय आपण इथवर आलोच नसतो. पण आधार न देता नुसती जिद्द दिली की तिची किंमत शरीर भरतं.

बोलणाऱ्याचं काय झालं?

अझीम रफिक या खेळाडूनं गिळलेलं बाहेर काढलं. कराचीत १९९१ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणीच कुटुंबासोबत इंग्लंडला गेला. इंग्लंडच्या १९ वर्षांखालील क्रिकेट संघाचा तो कर्णधार झाला, पुढे यॉर्कशायरकडून खेळला. १६ नोव्हेंबर २०२१ रोजी ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर बसून त्यानं सांगितलं, की १५ वर्षांचा असताना स्थानिक क्लबमध्ये त्याला धरून त्याच्या घशात लाल दारू ओतली गेली. मुसलमान घरातला मुलगा! पुढे संघात सामावून घ्यावं म्हणून तो स्वतःच दारू प्यायला लागला. एका टप्प्यावर जीव द्यावा इतकं त्याला नकोसं झालं होतं. हे सांगताना तो मोठा माणूस सगळ्यांसमोर रडला.

त्याच्या बोलण्यानं हालचाल झाली. यॉर्कशायरच्या अध्यक्षांना जावं लागलं, प्रायोजकांनी पाठ फिरवली. २०२३ साली स्वतंत्र आयोगाच्या अहवालानं इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये वर्णद्वेष खोलवर असल्याचं सांगितलं आणि तिथल्या क्रिकेट मंडळानं माफी मागितली. रफिकनंही पूर्वी ज्यूंबद्दल वाईट मजकूर लिहिल्याचं याच काळात बाहेर आलं आणि त्यानं माफी मागितली. म्हणजे अन्याय सोसलेला माणूस सगळ्या बाबतींत स्वच्छ असलाच पाहिजे असं नाही, तरी त्याच्यावरचा अन्याय खराच असतो. आपलं पोरगं खोडकर असेल, अभ्यासात मागे असेल, म्हणून त्याची तक्रार खोटी ठरत नाही.

आपल्याकडे

आपल्याकडचा इतिहास तर शंभर वर्षांहून जुना आहे. पुण्याच्या क्लबात मैदानाची कामं करता करता, गोऱ्या साहेबांना चेंडू टाकता टाकता बाळू पालवणकर गोलंदाज झाले. चांभार समाजातला हा खेळाडू हिंदूंच्या संघाला सामने जिंकून द्यायचा. पण चहाच्या वेळी बाकीचे आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. बाळूंचे बळी कागदावर मोजलेले आहेत. तो चहा पिताना आत काय होत होतं, ते मोजायचं साधन तेव्हा नव्हतं.

आणि हे संपलेलंही नाही. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये वंदना कटारियानं हॉकीत एका सामन्यात तीन गोल केले, असं करणारी ती पहिली भारतीय महिला. काही दिवसांनी संघ उपांत्य सामना हरला, तर हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडून, नाचून जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. तिच्या घरच्यांनी पोलिसांत तक्रार केली आणि अटक झाली. त्या तक्रारीचा मला अभिमान वाटतो. त्यांनी दार लावून घेतलं असतं, तर गल्लीतल्या लहान मुलींनी त्यातून काय शिकायचं होतं?

काहीजण म्हणतील, ताई, धम्म तर क्षमा शिकवतो, आनापान करायला सांगा. आनापान जरूर करावं, त्यानं श्वास शांत होतो, झोप सुधारते. पण तथागतांनी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला तेव्हा आधी बाण काढायला सांगितलं. बाण आत ठेवून वरून मलमपट्टी करणं हा धम्म नव्हे. पोराचं ऐकून घेणं म्हणजे तो बाण काढणं.

घरात आणि विहारात काय करायचं?

पोरगं खेळून आलं की "जिंकलास का?" याबरोबर "सगळे नीट वागले का तुझ्याशी?" हेही विचारा. सांगत असेल तर मध्ये बोलू नका. "तुझंच काहीतरी चुकलं असेल", "दुर्लक्ष कर" आणि "खेळ सोड" ही तीन वाक्यं तोंडातून काढू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, चूक तुझी नाही" एवढं पहिल्या दिवशी पुरे.

न सांगणारी मुलंही असतात. सामन्याच्या दिवशी सकाळी पोटात दुखणं, झोपेत दचकणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, आवडता खेळ अचानक नकोसा होणं, घरच्यांवर उगाच चिडणं, या खुणा ओळखा. जंताचं औषध देऊन मोकळं होऊ नका, जवळ घेऊन बोला.

काय घडलं ते वहीत लिहून ठेवा. तारीख, जागा, कोण काय बोललं, कुणी ऐकलं. मुख्याध्यापकांना किंवा क्लबच्या प्रमुखांना लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. चारचौघांत जातीवरून हेतुपुरस्सर अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. प्रत्येक प्रसंगी पोलिसांत जावंच असं नाही. ते पोराशी बोलून, कार्यकर्त्यांचा सल्ला घेऊन ठरवा. पण घरात कुणीतरी आपल्या बाजूनं उभं राहिलं, हे पोराला दिसलं पाहिजे. त्याच्या तब्येतीच्या दृष्टीनं निकालापेक्षाही ते मोठं आहे.

मदतीचे नंबर भिंतीवर लिहून ठेवा. मन फार खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा, मराठीत बोलता येतं. जातीय अत्याचाराबाबत १४५६६ आणि मुलांसाठी १०९८.

मोठ्यांनीही स्वतःकडे बघावं. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी सरकारी दवाखान्यात बीपी आणि शुगर तपासा, पैसे लागत नाहीत. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. गोळी सुरू झाली की बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करू नका. मीठ, पापड-लोणचं, मिश्री आणि तंबाखू कमी करणं आपल्या हातात आहे, ते अपमानाच्या नावावर टाळता येणार नाही.

विहारासाठी एक मागणी. रविवारच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटं ठेवा. खेळणाऱ्या मुलामुलींना पुढे बसवा आणि एखाद्या मोठ्यानं आपला गिळलेला प्रसंग आधी सांगावा. मोठ्यांनी तोंड उघडलं की पोरं उघडतात. आमच्याकडे सुरुवात त्या रिक्षावाल्या भावांनीच केली. औषधं सुरू आहेत, बीपी आता आटोक्यात येतोय. त्यांची लेक शाळेच्या कबड्डी संघात आहे. परवा म्हणाले, "ताई, ती खेळून आली की मी आधी विचारतो, साखळीत कोण कोण होतं गं?"

रिचमंडमध्ये गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या सेनानींच्या पुतळ्यांच्या रस्त्यावर १९९६ साली अ‍ॅशचा पुतळा बसवला. त्याच्या एका हातात रॅकेट आहे, दुसऱ्या हातात पुस्तकं, आणि पुस्तकांचा हात वर आहे. भोवती मुलं आहेत. २०२० आणि २०२१ मध्ये त्या सेनानींचे पुतळे तिथून उतरवले गेले. अ‍ॅश तिथंच आहे. पुतळा उभा राहिला याचा आनंद आहेच. पण आपल्या घरातलं पोरगं अंगात काही न मुरवता, धडधाकट हृदयानं साठी-सत्तरी गाठेल, ते मला अजून जास्त हवं आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.